अकरा टक्के

सरांच्या गॅरेजमध्ये एक लाकडी खुर्ची होती. तिच्यात बसायला मिळावं म्हणून आम्ही आठ जण वर्षभर धडपडायचो, आणि प्रत्यक्ष बसायची वेळ आली की पळून जावंसं वाटायचं.

खुर्ची चॅम्पियनची होती. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता, आदल्या वर्षी लीग जिंकलेल्या माणसाने तिच्यात बसायचं. समोर ते उभे राहणार, हातात ग्राफपेपरचे सहा-सात कागद, सगळे पेन्सिलने लिहिलेले. मग ते खणखणीत आवाजात वाचायला लागणार : हा चॅम्पियन यंदा पुन्हा का जिंकणार नाही. या वाचनाला ते तपासणी म्हणायचे. वाचन चालू असताना चॅम्पियनने एक शब्द काढायचा नाही. पाणी प्यायला परवानगी होती. शेवटी ते एक आकडा सांगायचे, एवढे टक्के, आणि कागद घडी घालून चॅम्पियनच्या हातात द्यायचे. चॅम्पियन परदेशातला असला तर खुर्चीवर लॅपटॉप ठेवायचे आणि त्याच्याकडे बघून वाचायचे. मेलबर्नच्या एका डेंटिस्टने एकदा मधेच कॉल कट केला होता. त्यांनी पुढचे चार कागद काळ्या पडद्याला वाचून दाखवले.

ज्या वर्षी ते स्वतः जिंकले, त्या वर्षीची हकिगत मला त्यांच्या बायकोने सांगितली. त्यांनी स्वतःविषयी पाच कागद लिहिले, खुर्चीत बसले, आणि "चॅम्पियनला वाटतं की त्याला या खेळातलं कळतं" असं सुरू करून सगळं वाचलं. स्वतःला नऊ टक्के दिले. "आणि मग रात्री जेवलेच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणे, कोणी एवढं वाईट बोलतं का?"

खेळ होता ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. ॲरिझोनाच्या वाळवंटात, आमच्या चँडलर गावात, हा खेळ कळणारी जी काही माणसं होती ती त्यांनीच तयार केलेली. मूळचे ते नागपूरचे, पण अमेरिकेत येण्याआधी नऊ वर्षं मेलबर्नला काढलेली. तिथून त्यांनी हे वेड सोबत आणलं. मोठं लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा गडी. चेंडू लाथेने मारायचा, मुठीने ढकलायचा, उडी मारून झेलायचा. आमची लीग फॅन्टसी, म्हणजे खरे सामने तिकडे आणि आमचे संघ कागदावर. हंगामाआधी आळीपाळीने खरे खेळाडू निवडायचे, त्याला ड्राफ्ट म्हणायचं. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला नाही. मग त्या खेळाडूने तिकडे मारलेल्या प्रत्येक किकचे, घेतलेल्या प्रत्येक झेलाचे गुण इकडे आपल्या संघाला. आठ संघांपैकी चार मेलबर्नच्या त्यांच्या जुन्या मित्रांचे, चार चँडलरचे. चँडलरचे आम्ही सगळे एकाच ऑफिसातले.

ऑफिसात ते माझे मॅनेजर होते. आमची कंपनी चिप बनवायची आणि आमच्या टीमचं काम होतं खराब निघालेल्या चिप्स का खराब निघाल्या ते आकड्यांवरून शोधणं. मला वाटतं, हे काम त्यांना कोणी दिलं नसतं तरी त्यांनी घरी बसून केलं असतं. पंचावन्न-छप्पन्नचं वय, उंची बेताची, कानावर केस. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते गाडीत एसी न लावता बसायचे आणि थर्मासमधला कोरा चहा प्यायचे. म्हणायचे, "उष्णता ही गोष्ट नागपूरवाल्याला शिकवू नका." मी त्यांना पहिल्या दिवशी सवयीने सर म्हटलं, तर म्हणाले, "सर नको म्हणू. इथे सर फक्त पोलिसाला म्हणतात, तेही गाडी थांबवली तर." मी तरी सरच म्हणत राहिले.

'गुड लक' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. कुणी मीटिंगच्या शेवटी तसं म्हणालं तर ते शांतपणे विचारायचे, "का? तयारी कमी आहे का?" माणसं चिडायची. 'होप' हा शब्द ईमेलमध्ये आला की ते त्याच्याखाली लाल रेघ मारून परत पाठवायचे. "आशा आहे म्हणजे किती आहे ते लिही," हे त्यांचं नेहमीचं. माझ्या नवऱ्याने एकदा गणपतीच्या जेवणात त्यांना सहज विचारलं, यंदा पाऊस होईल का हो. त्यांनी खरोखर तोंडातला मोदक संपवला, विचार केला, आणि म्हणाले, "पुढच्या दहा दिवसांत तीस टक्के. कपडे बाहेर वाळत घाला."

पण एक गोष्ट मी लवकर ओळखली होती. त्यांचा आकडा गोड नसायचा, पण तो तुमच्याकरता बदललेलाही नसायचा. टीममधल्या कुणाचं कौतुक त्यांनी केलं तर तो माणूस आठवडाभर तरंगत असायचा, कारण ते खरं आहे हे माहीत असायचं.

मी लीगमध्ये शिरले ती एक जागा रिकामी झाली म्हणून. मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या ड्राफ्टला मी नावं आवडतील तसे खेळाडू घेतले. त्यात एक तेहतीस वर्षांचा रकमन होता. रकमन म्हणजे चेंडू वर उडाला की सगळ्यांच्या डोक्यावरून हात घालून तो आपल्या माणसाकडे ढकलणारा उंच गडी. माझा इतका उंच होता की मी त्याला लंबू म्हणायचे. कुणाला नको असलेला लंबू त्या वर्षी वेड्यासारखा खेळला, आणि सप्टेंबरमध्ये मी लीग जिंकले. ऑफिसात केक कापला. कमिशनर, म्हणजे लीगचे सर्वेसर्वा तेच, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अभिनंदन. फेब्रुवारीत भेटू."

त्या फेब्रुवारीची गोष्ट सांगायची आहे.

जानेवारीपासून ऑफिसची हवा बिघडली होती. ज्या मीटिंग रूमच्या काचेला कधी पडदा नसायचा तिथे पडदे ओढलेले दिसायला लागले. कॉफीच्या मशिनपाशी लोक बोलत असायचे आणि कुणी आलं की गप्प व्हायचे. कुणी म्हणे आमचा एक अख्खा प्रोजेक्ट दुसऱ्या राज्यात हलणार, कुणी म्हणे दहा टक्के लोक जाणार. मी एच-वन व्हिसावर होते. नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी कंपनी, तिचा व्हिसाचा अर्ज, सगळं झालं तर राहायचं, नाहीतर चंबूगबाळं उचलून परत. नवरा माझ्या व्हिसावर आलेला, त्याला काम करायची परवानगी नव्हती. मुलगी दुसरीत. ती मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. तिला पुण्यातल्या शाळेत एकदम नेऊन बसवलं तर काय होईल, हे मी डोळे मिटले की दिसायचं.

त्यात फेब्रुवारीचा शेवटचा रविवार आला आणि शनिवारी त्यांचा मेसेज : 'तपासणी एक आठवडा पुढे.' कारण दिलेलं नव्हतं. लीगमधले ऑफिसातले बाकीचे दोघे म्हणाले, असं आजवर झालेलं नाही. त्यांना ताप असताना त्यांनी तपासणी केली होती, घरी पाहुणे असताना केली होती. मी नवऱ्याला म्हटलं, काहीतरी आहे.

पुढच्या रविवारी मी खुर्चीत बसले. गॅरेजचं दार वर केलेलं होतं, बाहेर लिंबाच्या झाडांना फुलं आलेली, तो वास आत येत होता. टीममधले दोघे फोल्डिंगच्या खुर्च्यांवर. वहिनींनी सांबारवडी आणून ठेवली. नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. कुणी हात लावला नाही.

त्यांनी कागद उघडले. "मुद्दा पहिला. चॅम्पियनने मागच्या वर्षी फायनल जिंकली, तेव्हा समोरच्याचे दोन मुख्य खेळाडू जखमी होते. ते दोघं आता ठणठणीत आहेत." पान उलटलं. "मुद्दा दुसरा. चॅम्पियनच्या संघात पाच जण तिशीच्या पुढचे. मुद्दा तिसरा. चॅम्पियनला दोन खेळाडू राखून ठेवायचा हक्क आहे, आणि चॅम्पियन लंबूला राखून ठेवणार, हे मला आत्ताच माहीत आहे."

मी हसले. इतर वेळी ते थांबून हसले असते. थांबले नाहीत.

"चॅम्पियन लोकांचा हा रोग आहे. ज्यांनी जिंकून दिलं त्यांना सोडवत नाही. लंबूचे गुडघे गेलेले आहेत. मागचं वर्ष त्याचं शेवटचं चांगलं वर्ष होतं. त्याने तुला जे द्यायचं होतं ते दिलं. मागचे गुण मागच्या वर्षी संपले."

ते वाचत होते आणि मला दुसरंच काही जाणवत होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी याआधी एक तपासणी पाहिली होती. त्यात ते चॅम्पियनच्या डोळ्यांत डोळे घालून बोलले होते, जवळजवळ मजा घेत. आज नजर कागदावरून हलत नव्हती. सहाव्या कागदाशी आवाज जरा बसला.

"शक्यता," ते म्हणाले, "अकरा टक्के."

आठ जणांत डोळे मिटून चिठ्ठी उचलली तरी साडेबारा येतात. म्हणजे माझी किंमत चिठ्ठीपेक्षा कमी. बाकीचे दोघे "ओहो" म्हणाले, टाळ्या झाल्या, वडीवर हात पडले. त्यांनी कागद घडी करून मला दिले, आणि माझ्या हातात देताना क्षणभर सोडले नाहीत. मग आत निघून गेले.

मंगळवारी संध्याकाळी पाचला फोन आला. मेसेज नाही, फोन. "कालव्यावर चालायला येते का? एकटी ये."

चँडलरमधून कालवे जातात, काठाने मातीचा रुंद रस्ता असतो, लोक सायकली चालवतात, कुत्री फिरवतात. मी पोचले तेव्हा ते थर्मास घेऊन उभे होते. पाच मिनिटं चाललो. पाण्यात एक बगळा उभा होता.

"यादी झाली," ते म्हणाले. "चार आठवड्यांनी सांगतील. तू आहेस त्यात."

मी थांबले. ते दोन पावलं पुढे जाऊन वळले.

"कुणी केली यादी?"

"आपल्या टीमची मी केली."

"तुम्ही?"

"मीच ना. मॅनेजरनेच करायची असते. तुझ्याकडे जे काम आहे ते पूर्ण दुसऱ्या राज्यात चाललं. बाकीच्यांचं अर्धं-अर्धं इथे राहते. मी आठ नावांसाठी भांडलो, तीन वाचली. तुझं नाही वाचलं."

"का नाही वाचलं? मी कामात कमी पडले का?"

"नाही. कमी पडली असती तर तसं सांगितलं असतं. तुझी जागाच जाऊन राहिली. तुला ठेवून दुसऱ्याला काढायला माझ्याकडे कारण नव्हतं. शोधलं मी. आठ दिवस शोधलं. म्हणून तर रविवार पुढे ढकलला."

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, तर त्यांच्या हातातले ते ग्राफपेपर. "म्हणजे परवा मला खुर्चीत बसवलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि तरी अकरा टक्के दिलेत? तेवढे तरी वाढवून द्यायचे होते सर! एका खेळातले! काय बिघडलं असतं?"

ते पाण्याकडे वळले. "परवा तुला खोटा आकडा दिला असता, तर आज मी जे सांगून राहिलो त्यावर तू विश्वास ठेवला असता का?"

मी रडायला लागले, रागाने. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. मी घेतला नाही.

"नीट ऐक," ते म्हणाले. "मी हे तुला सांगितलं असं कळलं तर माझी नोकरी गेली. पण साठ दिवस कमी आहेत. आजपासून धरले तर अठ्ठ्याऐंशी होतात. आज रात्री रेझ्युमे कर. उद्यापासून पाठव. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून एकही नाही. आणि चेहरा सांभाळ."

त्यानंतरचे चार आठवडे मी कसे काढले ते आठवलं तरी नको वाटतं. दुपारच्या सुट्टीत गाडी लांबच्या पार्किंगमध्ये नेऊन मी फोनवर इंटरव्ह्यू द्यायचे. एकदा मी बोलत असताना कंपनीचा सिक्युरिटीवाला काचेवर टकटक करून विचारून गेला, एव्हरीथिंग ओके? पलीकडचा माणूस म्हणाला, तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं, घरी.

ऑफिसात ते माझ्याशी अगदी पूर्वीसारखे वागले. त्याचाच मला जास्त राग यायचा. माझ्या एका चार्टवर त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, 'अक्ष चुकला आहे.' जिला तीन आठवड्यांनी काढणार तिचा अक्ष! मी त्यांच्याशी कामापलीकडे बोलणं टाकलं. त्यांनी ते मान्य केल्यासारखं दिसलं.

ड्राफ्ट त्याच आठवड्यात होता. शनिवारी संध्याकाळी सहाला, मेलबर्नला तेव्हा रविवारची दुपार. मी जाणारच नव्हते. नवरा म्हणाला, न गेलीस तर बाकीच्यांना संशय येईल. मी गेले, आणि नुसत्या त्वेषाने लंबूला राखून ठेवला. सगळे हसले. ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं.

चौथ्या आठवड्यात शेजारच्या टेम्पी गावातल्या एका लहान कंपनीने मला होकार दिला. बुधवारी सही केली. गुरुवारी संध्याकाळी, माझ्याही नकळत सैल पडले असणार, मी ऑफिसातलं टेबल आवरलं. कॉफीचा मग, मुलीचा फोटो, ड्रॉवरमधला शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा, सगळं पिशवीत भरून घरी नेलं. एवढी एक चूक केली.

शुक्रवारी सकाळी मला एका छोट्या खोलीत बोलावलं. ते एका खुर्चीवर, समोर पडद्यावर एचआरची बाई, दुसऱ्या शहरातून. तिने कागदावरून वाचल्यासारखं सगळं सांगितलं. मी मान हलवत होते. मी घरी आरशासमोर धक्का बसल्याचा चेहरा करून पाहिला होता, पण तो त्या क्षणी आलाच नाही. ती वाचायची थांबली.

"तुम्ही खूप शांत आहात," ती इंग्रजीत म्हणाली. "आणि मला कळलं की तुमचं डेस्क कालच रिकामं झालंय. मला विचारावं लागेल. तुम्हाला हे आधी कुणी सांगितलं होतं का?"

'नो' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी तोंड उघडलं.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "आय टोल्ड हर. चार आठवड्यांपूर्वी. तिने विचारलं नव्हतं, मी स्वतःहून."

पडद्यावरच्या बाईने काहीतरी टाइप केलं. तो कीबोर्डचा आवाज मला अजून ऐकू येतो. "तुम्ही दोघांनी थोडं थांबा," ती म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

"का बोललात?" मी कुजबुजले. "मी नाही म्हणणार होते!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "तू नाही म्हटलं असतं, मग त्यांनी माझे फोन तपासले असते, तुझे तपासले असते. मग खोटं तुझ्या नावावर चढलं असतं. नव्या कंपनीने इकडे विचारलं तर तेच कळलं असतं. आता जे काय आहे ते माझ्या नावावर आहे."

मला दुपारी बाहेर काढलं, सगळ्या कागदपत्रांसकट, रीतसर. त्यांना दहा दिवसांनी काढलं. हे मला टीममधल्या एकाकडून कळलं. त्यांनी स्वतः एक ओळ पाठवली नाही.

कळलं त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. नेहमी "ये गं" म्हणत आत वळणाऱ्या वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"त्यांना मी नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन रात्री भांडले मी. तुझी काही चूक नाही, ते मला कळतं. पण आज तू आत येऊ नको."

मी गाडीत येऊन बसले. घरी जायला अर्धा तास लागला असेल, मला रस्ता आठवत नाही.

सहा आठवडे गेले. मी नव्या नोकरीत होते, व्हिसाचा कागद आला होता. लीग चालूच होती, दर आठवड्याला त्यांचा गुणांचा ईमेल यायचा, एकही ओळ जास्त नाही. मे महिन्यात एका गुरुवारी मेसेज आला : 'उद्या संध्याकाळी आठ. तुझा लंबू खेळून राहिला. घरी ये. बायको म्हणते ये.'

गेले. वहिनींनी दार उघडलं, माझा दंड धरला आणि आत नेलं. टीव्हीवर मेलबर्नची शनिवारची दुपार, पाऊस पडत होता, आणि लंबू चिखलात दोन गड्यांच्या डोक्यावरून हात घालून चेंडू काढत होता. त्याचे गुडघे ठीक होते. त्या वर्षी त्याने एकही सामना चुकवला नाही. पण माझे बाकीचे खेळाडू एकामागून एक कोसळले आणि मी पाचवी आले. कमिशनरनी वर्षअखेरीच्या ईमेलमध्ये लिहिलं, 'लंबूबाबत माझं कारण चुकलं. आकडा बरोबर निघाला.' मला माहीत आहे, दिलेलं कारण चुकल्याचं त्यांना खूप लागलं असणार.

त्यांना नोकरी मिळेना. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं, देश सोडायची घाई नव्हती, पण या वयात, आणि आधीच्या कंपनीने का काढलं ते विचारल्यावर खरं सांगणाऱ्या माणसाला कोण घेणार? एका इंटरव्ह्यूत त्यांना विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता. ते म्हणाले, "साठ टक्के तुमच्याकडे नाही." हे ते मला सांगत होते आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "हसू नको गं त्यांना!" पण त्याही हसत होत्या, आणि मग हसता हसता थांबल्या.

डिसेंबरमध्ये मेलबर्नहून बोलावणं आलं. लीगमधल्याच त्यांच्या एका जुन्या मित्राने ओळखीत काम पाहिलं होतं. पूर्वीपेक्षा दोन पायऱ्या खालचं. त्यांनी आकडेमोड केली आणि हो म्हणून टाकलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी खोकी भरायला गेले. नवरा आणि वहिनी आत भांडी गुंडाळत होते, आम्ही दोघं गॅरेजमध्ये पुस्तकं भरत होतो. मला ते कितीतरी महिने विचारायचं होतं. माफी मागायचा प्रयत्न मी दोनदा केला होता, दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला होता. तेव्हा मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"सर, कालव्यावर मला सांगितलंत ना, त्या आधी तुम्ही पकडले जाण्याची शक्यता काढली होती?"

ते चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होते. "काढली ना. ऐंशी टक्के."

"ऐंशी? एवढी?"

"तुझा चेहरा," ते म्हणाले. "तुला काही लपवता येते का? वीस मी तुझ्या चेहऱ्यावर ठेवले होते. ते पण जास्त झाले."

मला हसू आलं. "ऐंशी टक्के माहीत असून सांगितलंत?"

"तुझा पण आकडा काढला होता. न सांगता, नुसत्या साठ दिवसांत तुला नोकरी मिळून, व्हिसा होऊन, पोरगी त्याच शाळेत राहायची शक्यता. तो माझ्या आकड्याच्या बाजूला लिहिला आणि पाहिलं."

"किती होता?"

त्यांना टोक सापडलं. त्यांनी हातभर पट्टी ओढली, ती चर्र वाजली. मी वाट पाहत होते. या माणसाला आकडा विचारला आणि त्याने सांगितला नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"ते तुला नाही सांगणार," ते म्हणाले. "हे इकडून दाब."

मी खोक्याची झाकणं दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि त्यांनी त्यावरून पट्टी फिरवली.